कावड आणि कालवा



शांतिब्रह्म एकनाथ महाराजांची एक कथा आपण बाळपणापासून ऐकत आलो आहोत. काशीहून गंगेचे पाणी कावडीत घेऊन नाथ रामेश्वराच्या वाटेला लागले होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत पडलेले दिसले. नाथांनी कावड उतरवली आणि देवासाठी शेकडो कोस वाहून आणलेले पाणी त्या गाढवाच्या मुखात घातले. बरोबरची मंडळी हळहळली. नाथांना मात्र रामेश्वर तिथेच भेटला. कीर्तनात ही कथा आली की श्रोत्यांचे डोळे भरतात, बुवा गजर करतात आणि आपण तृप्त मनाने घरी जातो.

आज मला त्या गाढवाबद्दल बोलायचे आहे. नाथांबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत.

नाथांच्या काळी कावड माणसाच्या खांद्यावर होती. आज ती यंत्राने खोदली जाते. धरण म्हणजे भरलेली कावड आणि कालवा म्हणजे तिची वाट. या कावडीने कोट्यवधी माणसांची तहान भागते, पिके उभी राहतात. ते पुण्याचेच काम आहे. पण वाटेत गाढव भेटले, तर ही कावड थांबते का? मी गेली काही वर्षे वर्धा जिल्ह्यात जे पाहतो आहे ते सांगतो: थांबत नाही. उलट पुष्कळदा गाढव त्या कावडीतच बुडून मरते. आणि आपण, अंगावर तुळशीची माळ असलेली माणसे, काठावर उभे राहून म्हणतो, बरे झाले.

हे मी दुसऱ्या कोणाबद्दल बोलत नाही. हे मी स्वतः म्हटलेले आहे.

मी शेतकरी माणूस. माझे वावर कालव्याच्या लाभक्षेत्रात येते. वडिलांच्या काळी पऱ्हाटी आणि तूर, एवढ्यावर वर्ष काढायचे. पाणी आले तसा रब्बीचा चणा आला, थोडा गहू आला, मुलीचे शिक्षण झाले. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मदतीचे पॅकेज दिले, त्यांत आपला वर्धा होता. कोरडवाहू कपाशीच्या कर्जापायी ज्या जिल्ह्यातल्या घराघरांतून कर्ता माणूस उठून गेला, तिथे पाण्याविरुद्ध बोलणे मला पाप वाटते. तेव्हा हा लेख धरणाविरुद्ध आहे असे कोणी समजू नये.

एका पौषात पाण्याची पाळी होती म्हणून पहाटे पाटचारीवर गेलो. मुख्य कालव्याच्या काठाशी चार माणसे उभी होती. पाण्यात एक रोही मरून पडली होती. रात्री पाणी प्यायला उतरली असेल, नाहीतर पलीकडे जायला निघाली असेल. कालव्याला सिमेंटचे अस्तर, उतार गुळगुळीत, त्यावर शेवाळ. एकदा आत गेलेल्या जनावराला वर येता येत नाही. तिने प्रयत्न सोडला नव्हता. अस्तरावर लांबच्या लांब ओरखडे होते, आणि तिला दोराने वर ओढली तेव्हा पुढच्या पायांचे खूर मांसापर्यंत झिजलेले दिसले.

माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? माझ्या चण्याचे अर्धे वावर त्याच महिन्यात रोह्यांनी साफ केले होते. मी जागल करून थकलो होतो. मला वाटले, बरे झाले, एक तरी कमी झाली.

त्या दिवशी एकादशी होती. संध्याकाळी देवळात हरिपाठ झाला. टाळ हातात होता, जीभ सवयीने चालत होती, आणि डोळ्यांपुढे ते झिजलेले खूर होते. सर्वांभूती भगवद्भाव असे आपण उठता-बसता म्हणतो. मला त्या रात्री कळले की मी ते फक्त म्हणतो.

माउली, आता आपल्या जिल्ह्याकडे जरा नीट पाहा. वर्धा नदी ही आपल्या रखुमाईच्या माहेरची नदी. तिच्या काठचे कौंडण्यपूर हे रुक्मिणीमातेचे माहेर. तिथून पंढरपूरला जाणारी पालखी १५९४ पासून चालत आल्याचे सांगतात. या माहेराच्या वरच्या अंगाला मोर्शीजवळ सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरण आहे आणि खालच्या अंगाला आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा. म्हणजे आईच्या माहेरची नदी आता दोन दरवाजांच्या मध्ये वाहते. दरवाजे उघडले की पूर, मिटले की डबकी.

इकडे सेलू तालुक्यात घोराड, संत केजाजी महाराजांचे. विदर्भातले लोक त्याला प्रतिपंढरी मानतात. ते बोर नदीच्या काठी आहे. त्याच बोर नदीवर वरच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत, साठच्या दशकात बोर धरण झाले. धरणाभोवतीच्या जंगलाला १९७० साली अभयारण्य केले आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. देशातला हा सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्प म्हणून ओळखला जातो. त्याचे गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. घोराडला दर्शनाला जाणारे आपल्यातले कितीजण मनात आणतात की ज्या नदीत आपण पाय धुतो, तिचेच पाणी वर वाघ पितो?

इथे कोणी लगेच म्हणेल, मग झाले तर. धरणामुळेच जंगलाला पाणी मिळाले, धरणामुळेच वाघ टिकला. यात अर्धे खरे आहे आणि अर्ध्या खऱ्याचाच मला सर्वांत राग येतो. उन्हाळ्यात बोरच्या जलाशयावर जनावरे येतात, हे खरे. पण धरणाखाली नेहमी काय बुडते ते विचारा. डोंगराचा माथा बुडत नाही, बुडतो तो खोऱ्याचा तळ. गाळाची जमीन, ओलावा धरणारे गवत, नदीकाठची उंबर, जांभूळ, अर्जुनाची झाडे. चितळ-सांबर चरतात ते तिथे, आणि उन्हाळ्यात सावली असते तीही तिथे. घरातले स्वयंपाकघर आणि देवघर पाडून टाकावे आणि उरलेल्या ओसरीकडे बोट दाखवून म्हणावे की घर शाबूत आहे, तसे हे बोलणे आहे.

आणि जंगल लहान असले की त्याच्या वाटा जपाव्या लागतात. बोरसारख्या लहान जंगलात वाढलेल्या तरुण वाघाला बाहेर पडावेच लागते: पेंचकडे, उमरेड-कऱ्हांडल्याकडे, ताडोब्याकडे, मेळघाटाकडे. त्या वाटेवर महामार्ग आहेत, कालवे आहेत, कुंपणे आहेत. बोरचा बाजीराव नावाचा वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला. वाघ होता म्हणून त्याची बातमी झाली. कालव्यात मेलेल्या रोहीची, सायाळीची, सशाची बातमी होत नाही. चार माणसे येतात, दोर लावून ओढतात, पाण्याची पाळी पुढे चालू राहते.

या साऱ्यावर आपल्याकडे काही ठराविक उत्तरे आहेत. सरकारी कागदात ती सापडतात, आणि खरे सांगायचे तर देवळाच्या ओट्यावरही सापडतात.

पहिले उत्तर: जनावरे काय, जातील दुसरीकडे. कुठे जातील? दुसरीकडे जे जंगल आहे तिथे दुसरी जनावरे आधीच आहेत, आणि तिथले गवत तेवढेच आहे. ती जातात, पण तुमच्या-माझ्या वावरात. माझ्या चण्यात रोही का आली, याचा विचार मी फार उशिरा केला. तिचा काठ बुडाला, तिचे गवत नांगराखाली गेले, आणि कालव्याच्या पाण्याने भर पौषात हिरवागार चणा तिच्यापुढे उभा केला. ती माझ्याकडे चालत आली ती आम्हीच आखलेल्या वाटेने. जनावराचा अधिवास वाचवणे आणि शेतकऱ्याचे पीक वाचवणे ही दोन कामे नाहीत. जो तुम्हाला सांगतो की शेतकरी हवा की रोही ते ठरवा, तो दोघांनाही बुडवून मोकळा होणारा माणूस आहे.

दुसरे उत्तर: झाडे बुडाली तर दुसरीकडे लावू. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यापासून ही पद्धत चालू आहे. वनजमीन घ्या, बदली जमीन द्या, पैसे भरा, रोपे लावा. रोप लावणे वाईट कसे म्हणावे? पण नदीकाठचा जुना उंबर आणि माळावरचा खड्डा यांत फरक आहे. शिवाय ही झाडे पुष्कळदा लावतात कुठे? ज्या माळाला सरकारी कागद पडीक म्हणतो तिथे. आर्वी-कारंजा भागात ज्यांनी गवळाऊ गाई पाळल्या त्या गवळ्यांना विचारा, माळ पडीक असतो का? त्या गवतावर गवळाऊ जगली. त्याच गवतात चंडोल आणि तित्तिर अंडी घालतात, ससा लपतो. एक अधिवास बुडाला म्हणून दुसरा खोदायचा, आणि दोन्ही वह्यांत जमा लिहायची! ऋण काढून घेतलेल्या लाडवांचा नैवेद्य देवाला पोचत असेल, पण सावकाराला ते फेड म्हणून चालत नाही.

तिसरे उत्तर जास्त चतुर आहे: जलाशय म्हणजेच पाणथळ जागा, उलट आम्ही पाणथळ वाढवली. आता खरी पाणथळ कशी असते ते पाहा. उथळ काठ, लव्हाळे, देवबाभूळ, पाणी हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. जलाशयाचे पाणी पावसाळ्यात अनेक मीटर चढते आणि उन्हाळ्यापर्यंत तितकेच खाली जाते. त्या चढउतारात काठाला काही रुजत नाही. पक्ष्यांना खरा आधार मिळतो तो जलाशयाच्या शेपटाकडे, जिथे ओढा येऊन मिळतो आणि पाणी घोट्याइतके असते. आणि गंमत पाहा. जलाशयालाच पाणथळ म्हणणारे २०१७ चे केंद्रीय पाणथळ नियम उघडत नाहीत. सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय त्या नियमांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. म्हणजे मोबदला दाखवायचा तेव्हा जलाशय पाणथळ, आणि संरक्षण द्यायचे तेव्हा नाही. अशा दुहेरी वहीला आपल्या गावात काय म्हणतात ते मी लिहीत नाही.

पण मानवी हातांनी केलेल्या पाण्यातही देव उतरू शकतो, हेही खरे. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मधमेश्वर हा गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळच्या बंधाऱ्याने झालेला तलाव. तिथे गाळ साचला, उथळ काठ झाले, पक्षी आले, लोकांनी आणि वनखात्याने ते जपले. २०२० साली ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ झाले. पैठणला नाथांच्याच नावाचा नाथसागर आहे, आणि त्या जायकवाडी जलाशयाला १९८६ पासून पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे. जिथे नाथांनी देह ठेवला तिथे आज हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. तेव्हा जमत नाही असे नाही. ठरवले तर जमते, आणि ठरवावे लागते ते आधी.

या 'आधी' शब्दावर माझा सगळा जोर आहे. घळभरणी झाली, दरवाजे मिटले, पाणी चढले, मग अहवाल लिहून काही होत नाही. आधी काय करता येते ते ऐका. यात चमत्कार काही नाही.

कालवा जंगलाच्या किंवा जनावरांच्या वाटेवरून जात असेल, तर तेवढ्या भागात तो झाकता येतो, जमिनीखालून नेता येतो, बंद नलिकेतून नेता येतो. उघडाच ठेवायचा असेल, तर त्यावर रुंद पूल करून वर माती टाकून गवत उगवू देता येते, आणि दोन्ही बाजूंनी कुंपण असे घालता येते की जनावर आपोआप पुलाकडे वळेल. ठराविक अंतरावर अस्तराला खडबडीत उतार किंवा पायऱ्या ठेवता येतात. माझ्या कालव्याला तसा एक उतार असता तर ती रोही पहाटेपर्यंत खूर झिजवत राहिली नसती. पाणी पहिल्यांदा भरताना ते टप्प्याटप्प्याने चढवता येते, म्हणजे टेकाडांवर अडकलेल्या जिवांना बाहेर पडायला वेळ मिळतो. पूर्ण संचय पातळीच्या वर राहणारी बेटे पक्ष्यांच्या विणीसाठी राखता येतात. उन्हाळ्यात धरणाखाली थोडे थोडे पाणी सोडत राहता येते, म्हणजे नदीतले डोह जिवंत राहतात आणि पहिल्या पुराला चढणीचे मासे यायला काही उरते.

हे परवडत नाही म्हणणाऱ्यांना नागपूर-शिवनी रस्त्यावर न्या. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या त्या महामार्गाखाली, मोठ्या झगड्यानंतर, महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांसाठी नऊ मार्ग बांधले गेले. त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरचा. वरून ट्रक जातात, खालून वाघ जातो, आणि कॅमेऱ्यांनी ते टिपले आहे. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावरही प्राण्यांसाठी वरून आणि खालून वाटा केल्या आहेत. श्रीमंताच्या मोटारीच्या रस्त्याला जे परवडते, ते शेतकऱ्याच्या कालव्याला का परवडू नये?

आता हे आजच का सांगतो? वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. भंडाऱ्याच्या गोसीखुर्द धरणातले पाणी सुमारे ४२६ किलोमीटर नेऊन बुलढाण्याच्या नळगंगेत पोचवायचे आहे. कालवे, बोगदे आणि वाटेत साठवण तलाव. ३ लाख ७१ हजार हेक्टर जमीन भिजेल असे सांगतात. वाटेवर आपला वर्धा जिल्हा आहे. एवढी मोठी कावड विदर्भात कधी उचलली गेली नव्हती. त्या पाण्याची वाट पाहणारे अकोला-बुलढाण्यातले शेतकरी आपलेच वारकरी बांधव आहेत. त्यांना पाणी मिळाले पाहिजे, आणि लवकर मिळाले पाहिजे. म्हणूनच जिथे अजून कुदळ लागलेली नाही तिथे आत्ताच विचारायचे: या कावडीच्या वाटेवर गाढव कुठे कुठे आहे, आणि त्याच्यासाठी नकाशात काय काढले आहे?

विचारायला जागा आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे अशा मोठ्या प्रकल्पाआधी जनसुनावणी होते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करावा लागतो. वन्यजीव कायद्याप्रमाणे व्याघ्र प्रकल्पांना जोडणारी जमीन दुसऱ्या कामाला वळवायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता आणि व्याघ्र प्राधिकरणाचा सल्ला लागतो. कायदा आहे. पण जनसुनावणीला जातो कोण? कंत्राटदाराची माणसे जातात, पुढाऱ्याची माणसे जातात. सप्ताहाला मंडप अपुरा पडतो आणि जनसुनावणीला खुर्च्या रिकाम्या राहतात. गाढवाला तोंड आहे, पण अर्ज करायला हात नाही. त्याच्या वतीने कोणी बोलायचे? ज्यांनी नाथांची कथा पाठ केली आहे त्यांनीच ना?

मला माहीत आहे, आपल्यातला एखादा म्हणेल: महाराज, हे राजकारण झाले, आपण नामस्मरण करावे. अशा भाविकाला मी हात जोडून एवढेच विचारतो. नामदेवराय कोरडी पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ते नामस्मरणात खंड पडला म्हणून की नाम अंगात मुरले म्हणून? तुकोबारायांनी झाडावेलींना सोयरे मानले. सोयऱ्याचे घर बुडत असताना आपण ओसरीवर बसून माळ ओढत राहिलो, तर त्याला भक्ती म्हणायचे की सोय?

आणखी एक सांगतो, म्हणजे नुसते दुसऱ्याला बोल लावल्यासारखे होणार नाही. आपण आषाढीला चंद्रभागेत स्नान करतो. ती चंद्रभागा म्हणजे भीमा, आणि वर उजनीचे धरण आहे. पाऊस ओढ देतो तेव्हा वारकऱ्यांच्या स्नानासाठी उजनीतून पाणी सोडले जाते. आपण मागतो, सरकार सोडते. म्हणजे धरणातून पुण्यासाठी पाणी सोडता येते, हे आपल्याला ठाऊक आहे. मग चैत्र-वैशाखात वर्धेच्या वाळूत अंडी घालून बसलेल्या नदी सुरयासाठी आणि टिटवीसाठी तसाच नेम का मागू नये? त्यांचे मागणे तर उलटे आणि स्वस्त आहे: विणीच्या दिवसांत एकदम लोंढा सोडू नका, सोडायचे ते थोडे थोडे सोडा, आणि बसलेल्या वाळूवर पोकलेन घालू नका.

गाळपेराचेही तसेच. उन्हाळ्याकडे जलाशय आटला की उघड्या पडलेल्या गाळात गरीब माणूस काकडी, टरबूज, भाजी काढतो. त्याच्या पोटावर पाय देऊ नये. पण शेपटाकडचा उथळ भाग हिवाळा संपेपर्यंत मोकळा राहू द्यावा, आणि गाळपेरात विषारी फवारा मारू नये. ते विष पाखरांच्या पोटात जाते आणि पुढच्या पावसात तुमच्या-माझ्या नळाला येते. हे सांगायला सरकार लागत नाही. गावचा टाळकरी सांगेल तर ऐकले जाईल.

म्हणून माझी मागणी सरकारकडे एक आणि तुमच्याकडे एक.

सरकारकडे: धरणाच्या आणि कालव्याच्या मूळ खर्चातच जनावरांच्या वाटा, चढउतार, कुंपण, उन्हाळी विसर्ग आणि पीक नुकसानीची वेळेवर भरपाई धरा. मागाहून, उरले तर, असे नको. आणि हे काम पूर्ण झाल्याचे गावासमोर दाखवल्याशिवाय कालव्यात पहिले पाणी सोडू नका.

तुमच्याकडे: कालवा ज्या गावाच्या शिवारातून जातो त्या गावच्या भजनी मंडळाने एकदा, फक्त एकदा, टाळ-मृदंग बाजूला ठेवून काठाकाठाने चालावे. वारीत शेकडो कोस चालणाऱ्याला दोन कोस जड नाहीत. जनावरे कुठे उतरतात, कुठे मरतात, त्या जागा गवळ्याला, गुराख्याला, मासे धरणाऱ्या ढिवर बांधवांना ठाऊक असतात. त्यांना विचारून जागा लिहून काढाव्यात आणि ग्रामसभेत ठराव करावा: इथे उतार हवा, इथे पूल हवा. तो कागद पाणी वापर संस्थेला द्यावा, जलसंपदा खात्याला द्यावा, जनसुनावणीला वाचून दाखवावा. आणि मंजुरी यायची तेव्हा येवो. तोवर काठावर रात्रीच्या जागलीला जाणाऱ्याने बरोबर एक मजबूत दोर आणि चार माणसांचे नंबर ठेवावेत.

मी माझ्या गावात हे सुरू केले आहे. काठाने चाललो तेव्हा सोबत सहा माणसे होती. एकाने वाटेत विचारले, "दादा, तुमचा चणा खाल्ला तिनं, अन् तुम्ही तिच्यासाठी फिरता?" मी उत्तर दिले नाही. खरे तर मला नीट उत्तर सुचले नाही. चण्याचा राग माझा अजून गेलेला नाही. रोह्या अजून येतात, मी अजून जागल करतो, शिव्याही देतो. सर्वांभूती भगवद्भाव म्हणजे राग येत नाही असे नसावे बहुधा. राग असतानाही दोर टाकायचा, एवढेच आपल्यासारख्या प्रापंचिकाला जमले तरी पुष्कळ.

नाथांच्या कथेत एक गोष्ट आपण विसरतो. गाढवाने नाथांना काही दिले नाही. ते वाघासारखे देखणे नव्हते, गाईसारखे पूज्य नव्हते, पुढे कधी उपयोगी पडणारेही नव्हते. कोणाच्या तरी शेतात घुसून त्यानेही पीक खाल्ले असेल. नाथांनी त्याचा हिशेब विचारला नाही. कावड उतरवली आणि पाणी पाजले.

आपली कावड आता फार मोठी झाली आहे, माउली. ती उतरवून ठेवता येत नाही, हे मला कळते. पण तिच्या काठाला जनावराचा पाय ठरेल असा एक खडबडीत उतार ठेवता येतो. तेवढा ठेवला गेला नाही, तर पुढच्या वेळी बुवांनी ती कथा सांगताना डोळे पुसण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

रामकृष्णहरी.